नावाड्याचा दहावा

ज्याच्या कृपेवाचून अक्षर उमटत नाही त्या गजाननाला, आणि उमटलेल्या अक्षराला जी अर्थ देते त्या वाग्देवीला नमस्कार करून, आज अक्षय्य तृतीयेच्या दिवशी ही आठवण लिहायला बसलो आहे. सकाळी पितरांची घागर भरली, तिच्या तोंडावर आंबा ठेवला, सौभाग्यवतीने चिंचवणी आणि शेवयांचा नैवेद्य केला, आणि प्रथेप्रमाणे मी कुंपणाच्या भिंतीवर कावळ्यासाठी पान ठेवून आलो. पान ठेवताना वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे नाव घेतले. हात जोडलेलेच असताना चौथा एक जण मनात येऊन उभा राहिला. त्याला नाव नाही, गोत्र नाही, आणि खरे सांगायचे तर तो कधी जन्मलाही नव्हता. तरीही त्याचा दहावा माझ्याच दारात, माझ्याच विरोधात घातला गेला होता. त्या चौथ्याची आठवण आजच्या दिवशी लिहून काढणे हे मी त्याचे तर्पण समजतो.

आयुष्यभर मी नागपुरातल्या एका शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर एका साप्ताहिकाच्या संपादकांनी शेवटच्या पानासाठी चित्रकथा लिहून मागितली. चित्रे काढायला पारशिवनीचे एक चित्रकला शिक्षक तयार झाले, आणि आमची मालिका सुरू झाली. वैनगंगेच्या एका घाटावरचा नावाडी हा तिचा नायक. घाटावर आलेल्या कोणालाही परत पाठवायचे नाही, हे त्याचे व्रत. दर अंकात नावेत एक नवा उतारू बसे, त्याची अडचण नदीच्या मध्यावर सांगून होई आणि पैलतीर येईपर्यंत तिला काहीतरी वाट सापडे. नावाड्याचा एक वैरीही होता. तो घाटाचा ठेकेदार. त्याने नावाड्याला छळले, त्याची जुनी नाव फोडली, त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. मुलांसाठी म्हणून लिहिलेली ही कथा मोठी माणसे वाचू लागली, एकमेकांना पाठवू लागली, आणि तिच्या चाहत्यांचा एक व्हॉट्सॲप गटही निघाला.

आमची काम करण्याची रीत येथे सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते तिच्यातूनच घडले. मी पाठ करून शिकलेला माणूस आहे. माझ्या डोळ्यांपेक्षा माझ्या कानांवर माझा अधिक विश्वास. पूजा आटोपली की मी तो भाग मनात सलग रचत असे आणि फोनवरून चित्रकारांना म्हणून दाखवत असे: पहिल्या चौकटीत घाट, दुसरीत नावाडी, तो असे म्हणतो, तिसरीत ठेकेदार, तो तसे म्हणतो. ते ऐकत आणि काढत. अंक घरी आला की मी भिंग घेऊन फुग्यांतली अक्षरे तेवढी तपासत असे. ऱ्हस्वदीर्घ जागेवर असले की माझे समाधान होई. चित्रांकडे मी अंग चोरूनच पाहत असे, जसे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाहावे.

मग पुराचा भाग आला. सकाळी नावाडी एका म्हातारीला पैलतीरावर सोडतो. तिला तिथल्या देवळात नवस फेडायचा असतो. "संध्याकाळी न्यायले येतो, आजी," असे तिला सांगून तो परततो. दुपारी नदीला पूर येतो आणि ठेकेदार मधल्या बेटावर अडकतो. तो हाका मारतो. नावाडी नाव घालतो, वैऱ्याला नावेत घेतो, नाव अलीकडच्या काठाकडे लोटताना स्वतः प्रवाहात जातो आणि सापडत नाही. नाव वाचते, ठेकेदार वाचतो. शेवटच्या चौकटीत ओसरलेली नदी, आणि तिच्याखाली माझे एक वाक्य: व्रत पूर्ण झाले.

मला स्वतःला हा भाग चांगला उतरला असे वाटले होते. 

अंक निघाला त्या दिवशी दुपारपासून फोन वाजायला लागला. पहिल्याच गृहस्थांनी नमस्कारसुद्धा केला नाही. "चांगल्या माणसाले मारून नालायकाले वाचवलं. हे कोणत्या शास्त्रात बसते जी?" दुसऱ्याने लिहिले की शेवट सुचला नाही म्हणून पूर आणला. तिसऱ्याचे म्हणणे, बुडायचाच होता तर लेखक बुडायचा. चाहत्यांच्या गटाचा म्होरक्या धंतोलीत चष्म्याचे दुकान चालवतो. त्याने माझ्या छायाचित्राखाली लिहिले, "गुरुजींचा नंबर वाढला. चांगला कोण, वाईट कोण, दिसून नाही राहिलं. दुकानात या, फुकटात तपासून देतो." हे सारे मला सौभाग्यवती वाचून दाखवत असे, आणि वाचताना तिला मधूनमधून हसू फुटत असे, तेही मला सहन करावे लागे.

मी उत्तर द्यायचे ठरवले. देऊ नये, असे तिने सांगितले होते. साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात माझे निवेदन छापून आले. करुण रसाचा आस्वाद घेण्यासाठी अंतःकरणाची सिद्धता लागते, असे मी त्यात लिहिले, आणि ज्यांना कथेत केवळ आपल्या इच्छेची पूर्ती हवी आहे ते रसिक नसून गिऱ्हाईक आहेत, असेही लिहिले. लिहिताना वाक्य मला घोटीव वाटले होते. छापून आल्यावर ते माझ्या ताब्यात राहिले नाही. गटातल्या लोकांनी 'मी गिऱ्हाईक' अशी अक्षरे स्वतःच्या छायाचित्रांवर लावली. कोणी दुकानाची पाटी काढून तीवर माझे डोके चिकटवले. शिव्या होत्याच. त्या वाचून दाखवायच्या नाहीत असे आम्ही दोघांनी न बोलता ठरवले.

एक उत्तर मात्र शिव्यांपेक्षा खोल गेले. हायकोर्टात वकिली करणाऱ्या एका बाईंनी ते लिहिले होते. त्या मालिकेच्या पहिल्या अंकापासूनच्या वाचक. त्यांनी लिहिले, "रसिक कोण आणि गिऱ्हाईक कोण हे आमच्या आजोबांच्या काळापर्यंत एकाच ओट्यावर बसून ठरवलं जात होतं. खालून पाहिलेला तो ओटा आम्ही चांगला ओळखतो. गुरुजी, कथेबद्दल बोला. आमच्या अंतःकरणाची परीक्षा घेण्याचं काम तुम्हाला कोणी दिलेलं नाही." मी हे दोनदा वाचायला लावले. सौभाग्यवती म्हणाली, "आता यांना काय उत्तर देता?" मी संध्येला उठून गेलो. संध्येची वेळ झालेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. ते एरवी मृदू बोलणारे.

"गुरुजी, पुढचा भाग शेवटचा. त्यात नावाडी जिवंत आहे."

"तो गेला आहे."

"कोळ्याच्या जाळ्यात सापडला, दूरच्या गावात शुद्धीवर आला, काहीही करा. पाहिजे तर स्वप्न दाखवा."

"प्राण देऊन झालेला माणूस मी परत उठवणार नाही. त्याने दिले ते काढून घेतल्यासारखे होईल."

"मग तुम्ही नका उठवू. दुसरा लेखक आहे माझ्याजवळ. पोरगा बसल्या बसल्या उठवून देते. आठ दिवस थांबतो."

म्हणजे माझ्या हाती एवढेच उरले होते: आठवड्याच्या आत असा शेवट लिहायचा की नावाड्याचे मरण टिकेल आणि वाचक तो स्वीकारतील. नाहीतर परका माणूस येऊन त्याला नदीतून ओढून काढणार. त्यानंतर मी जपाला बसलो की माळ हातात फिरे आणि मनात एकच दृश्य येई. नावाडी काठावर बसून कपडे पिळतो आहे आणि माझ्याकडे पाहून म्हणतो आहे, मग कशाला बुडवले होते?

आणि मग दहावा आला.

त्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर गलका ऐकू आला. गटातली पंधरावीस माणसे जमली होती. हिवाळ्याचे दिवस, कोणी स्वेटरात, कोणी डोक्याला मफलर गुंडाळून. त्यांनी माझ्या फाटकावर नावाड्याचे चित्र चौकटीत घालून टांगले होते आणि त्याला झेंडूचा हार घातला होता. समोरच्या खांबावर छापील कागद: परमप्रिय नावाडी यांचा दहावा, स्थळ मारेकऱ्यांचे निवासस्थान. कुंपणाच्या भिंतीवर पत्रावळ मांडून तीत भाताचा पिंड ठेवला होता, आणि पिंडाशेजारी एक आलुबोंडा, म्हणजे बटाटावडा. चार फोन उंच धरून हे सगळे टिपले जात होते.

मी पायऱ्या उतरून गेलो, तोवर ती सगळी फाटकातून आत शिरली होती. चष्मेवाला पुढे होता, केस तेल लावून चापून बसवलेले.

"दहाव्याले आलो, गुरुजी. घरचं माणूस गेलं नं."

"कोण गेले?"

"वा! मारते अन् वरून विचारते, कोण गेले!" मागून कोणीतरी ओरडले, आणि सगळे हसले.

मला जो राग आला तो मालिकेसाठी नव्हता. अशाच पत्रावळीसमोर मी माझ्या आईसाठी उभा राहिलो आहे, वडिलांसाठी राहिलो आहे. आणि तिथे आता आलुबोंडा. सौभाग्यवती तेवढ्यात तांब्या आणि पेल्यांचे तबक घेऊन बाहेर आली.

"घ्या पाणी. की दहाव्याच्या घरचं चालत नाही? सुतक तुम्हीच काढलं, तुम्हीच सांगा."

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. "काकू, आमचं भांडण तुमच्याशी नाही," चष्मेवाला म्हणाला.

"पण माझं आहे नं तुमच्याशी. माझ्या दाराले मेल्या माणसाचा फोटो टांगला, अन् मले विचारलं भी नाही."

कोणीही पाणी घेतले नाही. मी भिंतीजवळ गेलो. "कर्ता कोण आहे?" मी विचारले. "पिंड कोणी ठेवला?"

"म्या ठेवला," चष्मेवाला म्हणाला.

"मग मुंडन?"

"काय?"

"दहाव्याला कर्त्याचे मुंडन असते. पिंड ठेवला त्याने डोके भादरावे. न्हावी चौकात आहे. मी थांबतो."

त्याचा हात आपोआप केसांवर गेला. "मारलं तुम्ही, तं टक्कल भी तुम्हीच करा जी."

"त्यायची झालीच आहे बे!" मागचा एक जण म्हणाला, आणि या वेळी सगळे माझ्या टकलाला हसले. मला ते हसू मुळीच गोड वाटले नाही. मी आलुबोंडा उचलून बाजूला भिंतीवर ठेवला आणि म्हणालो, "थट्टा करायची असेल तर माझी करा. घास मांडला आहे, तर आता त्याचे नीट होऊ द्या. कावळा शिवेपर्यंत कोणी हलायचे नाही."

आमच्याकडची समजूत वाचकांना ठाऊक असेलच. पिंडाला कावळा शिवला तर गेलेला तृप्त झाला. शिवला नाही तर त्याचे काहीतरी मागे राहिले आहे, आणि मग नातलगांनी मोठ्याने त्याला वचन द्यायचे असते: मुलीचे लग्न करू, म्हाताऱ्या आईला सांभाळू. योग्य वचन ऐकू आले की कावळा येतो.

कावळे होते. शेजारच्या कडुनिंबावर ओळीने बसले होते. एवढी माणसे आणि उंच धरलेले हात पाहून एकही खाली उतरेना. गटाला मग चेव आला. "तुझा बदला घेऊ रे!" एकाने ओरडून सांगितले. "ठेकेदाराले बुडवू!" दुसरा. "गुरुजींकडून तुले परत लिहवून घेऊ!" तिसरा. प्रत्येक वचनानंतर सगळे झाडाकडे पाहत. कावळे मान वाकडी करून पाहत आणि बसून राहत. उन्हे चढू लागली. हसणे कमी झाले आणि कुरबूर वाढली.

कावळा आलाच नाही तर त्यावरही शास्त्रात तोड आहे. दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात. माझ्या देवघरात दर्भ असतो. मी आत जाऊन काड्या घेऊन आलो आणि भिंतीशी उभा राहून त्यांना पीळ घालू लागलो. हे लवकर संपवावे, माणसे जावीत, एवढेच मनात होते.

"पाहून राहिले का?" चष्मेवाला सगळ्यांना म्हणाला. त्याचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "कावळा नाही आला, तं गवताचा कावळा. कथेत भी असंच करते हे. सुचलं नाही की आणला पूर. झालं काम."

माझे हात थांबले. दर्भ अर्धा पिळलेला राहिला.

तेव्हा फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला आपल्या दुचाकीला टेकून उभ्या असलेल्या एक बाई बोलल्या. त्या इतका वेळ आत आल्या नव्हत्या. काळा कोट हातावर टाकलेला, कोर्टात जायच्या तयारीत.

"गुरुजी, ते वाक्य मी लिहिलं होतं. ओट्याचं."

मी ओळखले.

"या तमाशाच्या मी विरोधात होते. यांना तसं सांगितलंही. आमच्या घरी पिंड नाही, श्राद्ध नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ते सोडलं. पण तुम्ही मानता त्याची टिंगल करायलाही मी आलेली नाही. म्हणून बाहेर उभी आहे."

"मग कशासाठी आलात?" माझा स्वर कडवट होता.

"जाब विचारायला. आणि हेही सांगायला की त्याला जिवंत करू नका. गेला तो गेला. उठवलात तर त्या दिवशी मी वाचणं सोडेन."

गटात एकच गिल्ला झाला. "म्याडम, तुम्ही कोणाकडून आहा?" चष्मेवाल्याने विचारले. "आमच्याकडून का गुरुजींकडून?"

"आजीकडून," त्या म्हणाल्या.

"कोणती आजी?" हा प्रश्न मी विचारला. मीच.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अजून विसरलो नाही. त्यांनी पिशवीतून साप्ताहिकाचे शेवटचे पान काढले आणि फाटकावरून पुढे केले. "कोणती आजी म्हणून विचारता! दहा दिवस मी तिच्यासाठी मनात भांडते आहे तुमच्याशी, आणि तुम्हाला ती माहीतच नाही. शेवटची चौकट पाहा. वाचू नका. पाहा."

सौभाग्यवतीने भिंग आणून दिले. ओसरलेली नदी, खाली माझे वाक्य. व्रत पूर्ण झाले. मी भिंग वर सरकवले. पैलतीरावर, पळसाच्या बुंध्याशी, बोटाच्या नखाएवढी एक आकृती बसलेली होती. मांडीवर गाठोडे. तोंड नदीकडे.

"तिला सांगून गेला होता तो, संध्याकाळी न्यायला येतो म्हणून," बाई म्हणाल्या. "त्यानं कोणाला परत पाठवलं नाही, ठीक. पण हिला परत आणलंही नाही. व्रत कसलं पूर्ण झालं? तुम्ही त्याला मोठा केलात आणि एका म्हातारीला नदीपलीकडे टाकून कथा बंद केलीत. आम्हाला अंतःकरण नाही म्हणता?"

मी चित्रकारांना फोन लावला. सौभाग्यवतीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला, हे मला नंतर कळले.

"ही म्हातारी तुम्ही का काढलीत?" मी विचारले.

"मंग कुठी घालवू तिले, गुरुजी? तुम्ही उतरवलं, पुन्हा चढवलं नाही. मी तं त्या भागात पानभर काढून राहिलो तिले. पुरात भी काढलं. अंधार आहे म्हणून दिसत नसंल."

"मला सांगितले का नाही?"

"मले वाटलं, तुमच्या ध्यानात असंल. तुम्ही पाठांतरवाले लोकं, विसरत नाही म्हणतेत."

यावर जो हशा पिकला तो फोनमधूनही ऐकू गेले असावे, कारण चित्रकारांनी घाईने "कोण कोण आहे जी तिथं?" असे विचारले. मी फोन बंद केला.

म्हातारीला मीच नावेत बसवले होते. नवस, देऊळ, संध्याकाळचे वचन, सारे माझे शब्द. कानाने रचलेल्या कथेत ती बोलायची थांबली तेव्हाच माझ्या लेखी संपली होती. चित्रात तसे होत नाही. चित्रात उतरलेला माणूस कोणी नेईपर्यंत तिथेच बसून राहतो.

मी दर्भाचा पीळ सोडला आणि काड्या सरळ करून कनवटीला खोचल्या. मग पत्रावळीसमोर हात जोडले. मला त्या माणसांचा राग होता, तो गेलेला नव्हता. फोन अजून उंच धरलेले होते. पण घास मांडलेला होता, आणि घासासमोर जे बोलतात ते मोडता येत नाही, अशी माझी आयुष्यभराची धारणा आहे.

"तू आजीला सांगून गेलास," मी मोठ्याने म्हणालो. "तिला घरी पोचवले जाईल."

"कोण पोचवते?" चष्मेवाला लगेच म्हणाला. "नावाडी तं खाल्ला तुम्ही."

"नाव ज्याच्याजवळ उरली तो."

क्षणभर कोणाला उमगले नाही. मग एकदम आरडाओरड झाली. "ठेकेदार? त्या हरामखोराच्या हातात त्याची नाव?" "त्याले वल्हं धरता येते का?"

"येत नाही," मी म्हणालो. "धरावे लागेल."

"हा आमचा अपमान आहे, गुरुजी," चष्मेवाला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते दिसू नये म्हणून तो आणखी मोठ्याने बोलत होता. "आम्ही त्याच्यासाठी रडून राहिलो, अन् तुम्ही नाव देऊन राहिले त्या चोट्ट्याले."

वकीलबाईंनी कोट चढवला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मुळीच नव्हते. "आजी बसेल त्याच्या नावेत?" त्यांनी विचारले. "तिला विचारलंत?"

"लिहिताना विचारीन."

"विचारा. आणि या वेळी पाहा पण." त्या दुचाकी चालू करून निघून गेल्या.

कावळा उतरलाच नाही. थोड्या वेळाने माणसेही पांगली. जाताना कोणी नमस्कार केला नाही. चौकटीतले चित्र फाटकावरच राहिले. सौभाग्यवतीने ते काढून हातात धरले. "याचं काय करू? फेकवत भी नाही." दुपारी आम्ही पाहिले तेव्हा पत्रावळ उलटी पडली होती, पिंड फुटला होता आणि आलुबोंडा नाहीसा झाला होता. "कावळा शिवला," मी म्हणालो. "मांजर होती," ती म्हणाली. "मी पाह्यली."

शेवटचा भाग मी फोनवर म्हणून दाखवला नाही. पारशिवनीला गेलो, चित्रकारांच्या शेजारी बसलो आणि प्रत्येक चौकट आधी त्यांच्या पेन्सिलीने कागदावर उमटू दिली. नावेत ठेकेदार पाहून म्हातारीने तोंड फिरवले. मी तिला बसवायचा तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा चित्रकार म्हणाले, "नाही बसत ती, गुरुजी. पाहा न, कशी बसली आहे." अखेर ठेकेदार पाण्यात उतरला. म्हातारी एकटी नावेत चढली आणि त्याने कमरेएवढ्या पाण्यातून, दोर खांद्यावर घेऊन, नाव ओढत नेली. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. अलीकडच्या काठावर उतरून तिने गाठोडे काखेत घेतले, वल्ह्याला हात लावून तो कपाळी टेकवला आणि घराकडे चालू लागली. ठेकेदार पाण्यातच उभा. शेवटच्या चौकटीखाली मी काही लिहिले नाही.

संपादकांनी ते पाहून कपाळाला हात लावला. "यात नावाडी कुठे आहे?" परंतु दहाव्याची फीत तोवर शहरभर फिरली होती आणि जो तो साप्ताहिकाच्या कचेरीत फोन करून म्हातारीचे काय झाले ते विचारत होता. दुसऱ्या लेखकाने उठवलेला नावाडी तसाच पडून राहिला. त्यांनी माझा भाग छापला आणि पुढच्या अंकापासून त्या पानावर शब्दकोडे सुरू केले. मला पुन्हा बोलावले नाही.

विरोध शमला नाही. ठेकेदाराला सोडले म्हणून नव्याने पत्रे आली, ती पहिल्यांपेक्षा तिखट होती. चष्मेवाल्याने गट बंद केला आणि तो बंद करताना माझ्याविषयी जे लिहिले ते मी येथे लिहिणार नाही. वकीलबाईंचा एकच निरोप आला. सौभाग्यवतीने वाचून दाखवला: "आजी पोचली. बाकीचे आक्षेप कायम आहेत." मी तो निरोप पुसू दिला नाही.

आज भिंतीवर ठेवलेल्या पानाला कावळा शिवला, पितरांच्या नावानेच शिवला असे मी मानतो. ज्यांनी हे येथवर वाचले त्या वाचकांना, रसिक असोत की गिऱ्हाईक, आणि त्यांच्या घरातल्या थोरामोठ्यांना, लेकरांना, चुलीला आणि गोठ्याला तो गजानन सुखात राखो. तुमच्या घरचे जे कोणी पलीकडे गेले आहे आणि ज्याला संध्याकाळी न्यायला येतो असा शब्द दिलेला आहे, त्याच्यासाठी दिवस मावळण्याआधी नाव लागो. आणि ती ओढणारा तुमच्या मनातला नसला, तरी ती काठाला लागो.